रानातली ‘मंडळी’ म्हणजे चर्च का?

प्रश्न असा: मराठी बायबलात पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या भाषणात (प्रेषितांची कृत्ये 7:38) मोशेबरोबर ‘रानातील मंडळी’ होती असे येते. मंडळी म्हणजे चर्च, मग ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधी सीनायच्या रानात चर्च कुठून आले? भाषांतर चुकले आहे का?

मुळीच नाही. तिथे मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ असाच आहे आणि तो बुद्ध्याच आलेला आहे.

हिब्रू शास्त्रात इस्राएल लोकांच्या जमावाला दोन शब्द येतात, ‘काहाल’ आणि ‘एदा’. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी शास्त्र ग्रीकमध्ये आणले. त्यात ‘एदा’चे झाले ‘सिनागोगे’ (यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचे ‘सिनेगॉग’ हे नाव यातूनच). ‘काहाल’ला मात्र गणना या पुस्तकात ‘सिनागोगे’, तर ‘अनुवाद’ या पुस्तकात ‘एक्लेसिया’. अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा. होरेब, म्हणजेच सीनाय, पर्वतापाशी देवाचे शब्द ऐकायला लोक जमले, त्या दिवसाच्या वर्णनात हाच शब्द बसला. येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदीच, आणि त्यांच्यातले ग्रीक बोलणारे हे ग्रीक शास्त्र वाचत होते. स्वतःला ‘एक्लेसिया’ म्हणवून घेताना त्यांच्या कानात अथेन्सपेक्षा होरेब जास्त घुमत असणार, असे मला ठामपणे वाटते. स्तोत्र 22 मधली ‘मंडळीत तुझे स्तवन करीन’ ही ओळ इब्री लोकांस पत्रात येशूच्या तोंडी येते, तीही याच शब्दासह. दुसरीकडे याकोबाच्या पत्रात (2:2) ख्रिस्ती लोकांच्या बैठकीलाच ‘सिनागोगे’ म्हटले आहे! म्हणजे तेव्हा दोन्ही शब्द एकाच अंगणातले होते.

म्हणून मला ‘मंडळी’ फार आवडतो. इंग्रजी ‘चर्च’च्या मुळाशी ‘प्रभूचे’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे आणि ते ऐकताच इमारत डोळ्यांपुढे येते. गोव्यातली ‘इगर्ज’ पोर्तुगीजमार्गे थेट एक्लेसियाचीच लेक, पण तिचीही आता वास्तूच झाली. मंडळी म्हणजे माणसेच: घरची मंडळी, वऱ्हाडातली मंडळी. मराठी बायबल ‘निर्गम’ या पुस्तकातल्या इस्राएलालाही मंडळीच म्हणते, त्यामुळे इंग्रजी वाचकाला सहसा न दिसणारा धागा आपल्याला आयता मिळतो. (एरवी आपण ‘मंडळी जमली’ म्हणतो तेव्हा ती आपोआप अनेकवचनी असते. ख्रिस्ती वापरात मात्र एक मंडळी, सात मंडळ्या.)

याच प्रश्नाला जोडून विचारले आहे की मग चर्चला ‘नवे इस्राएल’ म्हणावे का. ही शब्दजोडी नव्या करारात कुठेही नाही. जवळात जवळ येते ती प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातली (6:16) ‘देवाचे इस्राएल’, आणि तिथल्या एका ‘आणि’वरून अभ्यासक आजही भांडतात: ते चर्चच, की यहुदी लोक? चर्च हेच खरे इस्राएल, असे उघड म्हणणारा पहिला लेखक म्हणजे दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत जस्टिन. पौलाची भाषा वेगळी आहे. रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात तो जैतुनाच्या झाडाला रानटी फांदी कलम केल्याचे सांगतो आणि त्या फांदीला बजावतो, तू मुळाला धरून ठेवत नाहीस, मूळ तुला धरून ठेवते. 1965 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविषयी लिहिताना याच झाडाची आठवण केली. मराठीत तर अधिक जपायला हवे. रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या यहुदी समाजाचे नावच ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे, असे आहे. त्यांच्यासमोर ‘इस्राएल म्हणजे आता आम्ही’ असे वाक्य मी लिहिणार नाही. ‘इस्राएलाच्या मंडळीत सामील झालेले’ असे लिहीन.