वाचक विचारतात: एमआरआयला जाताना

प्रश्न: आईचे (वय 68) गुडघे बदलले आहेत, चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंटही घातला आहे. एमआरआय केंद्र स्टेंटचे कागद मागतंय, ते सापडत नाहीत. शिवाय मंगळसूत्र आणि जोडवी काढायला ती तयार नाही. सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही, असं तिचं म्हणणं. (सांगली)

उत्तर: आईंचं म्हणणं खरं आहे, पण धोका फक्त ओढीचा नसतो. तपासणीत शरीरावर रेडिओलहरी सोडतात. त्यांच्यामुळे साखळीत किंवा जोडव्यात वीज खेळते, धातू तापतो आणि कातडी भाजू शकते. साखळीच्या फासात पोलादी स्प्रिंग असली तर तिला ओढही बसते. मानेचा एमआरआय असेल तर दागिन्याभोवतीचं चित्र बिघडतं ते वेगळंच. जोडवी रुतली असतील तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने सैल करून पाहा. तरीही निघाली नाहीत तर तंत्रज्ञाला आधी सांगा. साडीच्या पिना, केसांचे आकडे, कानातलं यंत्र, काढता येणारी कवळी, हेही बाहेरच.

हात एकमेकांत गुंफून किंवा मांड्या चिकटवून झोपल्यावर शरीरातही विजेचं वर्तुळ पूर्ण होतं, म्हणून मध्ये कोरडी पॅड ठेवतात. आत एखादी जागा गरम लागली तर मदतीला बोलावण्यासाठी हातात दिलेला फुगा लगेच दाबायला आईंना सांगून ठेवा. बायका उगाच सहन करत बसतात.

आता कागदांचं. आजचे हृदयातले स्टेंट आणि सांधे सहसा अडचणीचे नसतात. गुडघ्याजवळचं चित्र तेवढं खराब येतं. तरी स्टेंट कुठला, किती टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चालतो, हे पाहणं केंद्राचं कामच आहे. डिस्चार्जच्या फाइलमध्ये स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर शोधा, त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. नसेल तर जिथे अँजिओप्लास्टी झाली तिथल्या रेकॉर्ड विभागात दाखल झाल्याची तारीख आणि आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) देऊन शस्त्रक्रियेची नोंद मागा.

पेसमेकरला मात्र हा दिलासा लागू नाही. तिथे डबी आणि तारा दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या असाव्या लागतात, तपासणीआधी पेसमेकर खास मोडवर टाकतात आणि नंतर पूर्ववत करतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेल्या जुन्या क्लिपची नोंद नसेल, तर आम्ही तपासणी न करण्याच्याच बाजूचे.

प्रश्न: तपासणी सुरू नव्हती, तरी मला चाकाची खुर्ची ढकलत आत जाऊ दिलं नाही. मशीन बंद असताना कसली भीती? (ठाणे)

उत्तर: मशीन बंद नव्हतं. आवाज थांबतो, चुंबक थांबत नाही. त्याचं वेटोळं द्रव हेलियममध्ये, उणे 269 अंश सेल्सिअसला बुडवलेलं असतं. एकदा भरलेला प्रवाह वीज गेली तरी फिरत राहतो. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट. शिवाय ओढ हळूहळू वाढत नाही: दारात जेमतेम जाणवते, चार पावलांवर वस्तू हातातून सुटते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा असाच जीव गेला. तिथे साधी चाकाची खुर्ची, पोलादी सिलिंडर, सलाइनचा स्टँड चालत नाही.

चुंबक तातडीने उतरवायचं बटण असतं, त्याला क्वेंच म्हणतात. पण क्षेत्र उतरायला मिनिटभर तरी जातं, तोवर उडालेली वस्तू आदळून झालेली असते. ते माणूस अडकला असेल तर दाबायचं. त्या वेळी हेलियम उकळून सुमारे 700 पट फुगतं. बाहेर सोडणारी नळी तुंबली तर ते खोलीत भरतं आणि श्वासाला ऑक्सिजन उरत नाही.

प्रश्न: किडनी कमजोर आहे. एमआरआयचं इंजेक्शन घ्यावं का? (बेळगाव)

उत्तर: रक्तातल्या ताज्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) 30 च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. या इंजेक्शनात गॅडोलिनियम हा धातू असतो. त्याच्या काही जुन्या औषधांनी अशा रुग्णांची कातडी कडक होण्याचा आजार झाला होता. नव्या वलयाकार रेणूंच्या औषधांत तो धोका फारच कमी आहे. कुठलं औषध देणार, हे विचारा. अनेक तपासण्या इंजेक्शनशिवायही होतात.