वेब सिरीजची कल्पना ओटीटी किंवा चॅनेलला कशी ऐकवावी? कोणाला मेल करावा? कल्पना चोरली तर?

चोरीचं आधी सांगते, कारण या भीतीपायी चांगले लेखक वाईट पिचिंग करतात, म्हणजे आपली गोष्ट निर्मात्यांना नीट ऐकवत नाहीत. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या कराराच्या कलम ९(२) मध्ये स्पष्ट लिहिलंय की संरक्षण अभिव्यक्तीला मिळतं, कल्पनेला नाही. ब्रिटिश सूत्रसंचालक ह्यूई ग्रीन यांच्या 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या टॅलेंट शोसारखा कार्यक्रम न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेने त्याच नावाने केला होता. ग्रीन प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या खटल्यांसाठी तेव्हा शेवटचं असलेल्या लंडनच्या अपील न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ मध्ये तिथेही हरले. नाव, ठरलेली वाक्यं, टाळ्या मोजणारं यंत्र, एवढ्याने संरक्षण मिळण्याजोगी नाट्यकृती होत नाही, असा निकाल लागला. म्हणून जितकं तपशिलात लिहाल तितकं तुमचं. पात्रं, प्रसंग, भागवार आराखडा लिहा, लेखक संघटनेकडे नोंदवा, आणि मिटिंग झाली की त्याच संध्याकाळी 'आज अमुक गोष्ट ऐकवली' असा मेल टाका. गोपनीयतेच्या करारावर सही मागू नका. ओटीटी-चॅनेलवाल्यांकडे तुमच्यासारख्या चार गोष्टी आधीच सुरू असतात, ते सही करणार नाहीत.

आता खरा मुद्दा. एक पिचिंग मी टेबलाच्या पलीकडून ऐकलंय. लेखकाने सुरुवात केली, "ही विश्वासाची गोष्ट आहे." मग सहा-सात मिनिटं नाती, एकटेपणा, बदलता समाज. कमिशनिंग एडिटरने (कोणत्या मालिका घ्यायच्या हे बघणाऱ्या अधिकाऱ्याने) पेन खाली ठेवलं. शेवटी कोणीतरी विचारलं, "नायिका करते काय?" तेव्हा कळलं की ती कोर्टासाठी हस्ताक्षरं तपासते. एक दिवस तिच्याकडे एक मृत्युपत्र येतं. सही खोटी असते, आणि ती आपल्या नवऱ्याने केलीय हे तिला पाहताक्षणी कळतं. सगळे सावरून बसले. "पुढे?" तर म्हणाला, "ते आत्ता सांगितलं तर मजा जाईल." पाच मिनिटांत मिटिंग संपली.

मालिका त्या एका वाक्यात होती. व्यवसाय असा की प्रत्येक भागाला एक नवा कागद मिळतो आणि नवऱ्याचं गुपित आठही भागांना पुरतं. दाखवायला दृश्यही आहे. नक्कल केलेल्या सहीत रेष थरथरते, जिथे सलग जायला हवी तिथे पेन उचललेलं दिसतं. भिंगाखालचा हा फोटो डेकच्या, म्हणजे मालिकेची ओळख करून देणाऱ्या सचित्र पानांच्या, पहिल्या पानावर हवा होता. आणि बोलायचं ते असं: पहिल्या भागाच्या शेवटी ती अहवालात 'सही खरी' लिहिते. दुसऱ्यात समोरचा पक्ष दुसरा तज्ज्ञ मागतो, आणि तो निघतो तिला हे काम शिकवणारा माणूस. आठव्यात ती साक्षीच्या पिंजऱ्यात काय बोलते, तेही सांगायचं.

हो, शेवट सांगायचा. यावर माझं अनेक लेखकांशी वाजलंय आणि मी मागे हटणार नाही. समोर बसलेली व्यक्ती प्रेक्षक नाही. बहुतेक वेळा होकार द्यायचा अधिकारही तिच्या एकटीकडे नसतो. तिला तुमची गोष्ट तुमच्या गैरहजेरीत, तिच्या वरिष्ठांना आणि पैशांचा हिशेब बघणाऱ्यांना दोन मिनिटांत सांगायची असते. शेवटच माहीत नसेल तर ती काय सांगणार? 'संहिता स्वतः बोलते' म्हणणाऱ्यांना हेच कळत नाही. त्या बैठकीतल्या बहुतेकांनी संहिता उघडलेलीही नसते.

कागदं फार लागत नाहीत. पंचवीस-तीस शब्दांची लॉगलाइन (गोष्टीचं सार सांगणारं वाक्य), एका पानाचा सारांश, दहा-बारा पानांचा डेक. डेकमध्ये चार-पाच मुख्य पात्रं (प्रत्येकाला काय हवंय आणि आड काय येतंय, एवढंच), प्रत्येक भागाच्या दोन ओळी, किती भाग आणि किती मिनिटं, आणि जवळच्या दोन अलीकडच्या मालिका. या तुलनेत सगळ्यात गाजलेलं नाव टाकू नका, ते सगळेच टाकतात. पायलट, म्हणजे पहिल्या भागाची संहिता, लिहून तयार ठेवा, पण मागितल्यावर द्या. खर्चाचा आकडा लिहू नका, मात्र लोकेशन किती, रात्रीचं शूटिंग किती, गर्दी आणि व्हीएफएक्स किती, हे तोंडपाठ हवं. गोष्ट पुस्तकावर किंवा खऱ्या माणसावर बेतलेली असेल तर हक्कांचा लेखी करार आधी. तो नसेल तर मिटिंग मागूच नका.

अर्ध्या तासाच्या भेटीत दहा मिनिटं बोला, उरलेली त्यांना द्या. 'आत्ताच का?', 'तुम्हीच का?' आणि 'दुसऱ्या सीझनमध्ये काय?' हे येणारच. उत्तर मिळालं नाही तर तीन-चार आठवड्यांनी एकदा आठवण करा, तीही एकदाच.

मेल कोणाला? नव्या लेखकाने थेट ओटीटीला पाठवण्यात फारसा अर्थ नाही. न मागवलेलं साहित्य कायदेशीर कारणासाठी बरेच जण उघडतच नाहीत, किंवा आधी रिलीज फॉर्मवर (मिळतीजुळती गोष्ट आली तरी दावा करणार नाही, अशा कागदावर) सही मागतात. तुमच्या प्रकारातलं काम केलेली निर्मिती संस्था शोधा, तिच्या डेव्हलपमेंटच्या, म्हणजे नव्या गोष्टी निवडून घडवणाऱ्या, माणसाला लिहा. विषयाच्या ओळीत नाव, प्रकार, भाग आणि मिनिटं. मेलमध्ये फक्त लॉगलाइन आणि 'सारांश पाठवू का?'

हे सगळं मर्यादित भागांच्या मालिकेबद्दल आहे. रोजच्या मालिकेत शेवट कोणी विचारत नाही. तिथे अर्ध्या तासाच्या स्लॉटमधली बावीसेक मिनिटं रोज भरू शकेल असा न संपणारा संघर्ष हवा. चित्रपटाला बहुधा पूर्ण पटकथाच मागतात. माहितीपटाला दोन-तीन मिनिटांची चित्रफीत आणि ज्यांच्यावर तो आहे त्यांची लेखी संमती लागते.

होकार आलाच तर डेव्हलपमेंट कराराची मुदत नीट वाचा. तुम्हाला होकार देणारी व्यक्ती मधेच नोकरी बदलते, नवीन येणाऱ्याला जुन्याची निवड नको असते आणि गोष्ट कपाटात पडते. त्यामुळे ठरलेल्या मुदतीत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतील, आणि तोवर लिहिलेल्या मसुद्यांचे पैसे परत द्यावे लागणार नाहीत, ही दोन्ही वाक्यं सही करण्याआधी करारात घालून घ्या.