मी थांबलो तरी चूक, पुढे गेलो तरी चूक

मागच्या आठवड्यात एका बाईंचा मेसेज आला. त्या आणि त्यांचे मिस्टर एका संस्थेच्या मदतीसाठी पहिलीच हाफ मॅरेथॉन धावणार आहेत. ‘सोबत काहीतरी करू म्हणून नाव घातलं, आणि आता रोज पहाटे भांडण होतं. लोकांनी पैसे दिलेत, माघारही घेता येत नाही. आमचं काही चुकतंय का?’

जोडप्यांची समुपदेशक म्हणून मला दिवाळी सरली की असे दोन-तीन मेसेज येतातच. मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिची तयारी खरी जड होते ती नोव्हेंबरात. रविवारची लांब धाव दहा किलोमीटरच्या पुढे सरकते, झोप तुटते, पोटऱ्या दुखतात, आणि घरात फराळाचे डबे अजून संपलेले नसतात. अशा वेळी कुणीही कुणावरही खेकसतं. अशा खेकसण्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही, एक रविवार मनसोक्त झोपा. पण बाईंच्या मेसेजमधलं पुढचं एक वाक्य मला आधी ऐकल्यासारखं वाटलं. ‘मिस्टर म्हणतात, मी थांबलो तरी चूक, पुढे गेलो तरी चूक.’

हेच वाक्य काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने माझ्यासमोर बसून म्हटलं होतं. नावं मी लिहीत नाही, तपशीलही थोडे बदललेत. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका, दोघंही चाळिशी ओलांडलेले. एकुलती मुलगी त्याच वर्षी जुलैत इंजिनिअरिंगला पुण्याला गेलेली.

भांडण सांगायला सोपं होतं. त्याचा वेग किलोमीटरला सात मिनिटं, तिचा नऊ. ऐकायला फरक दोनच मिनिटांचा, पण हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, शेवटाला तो फरक बेचाळीस मिनिटांवर जातो. तो तिच्यासोबत धावायचा म्हणजे दहा पावलं पुढे जायचा, मागे वळायचा, जागच्या जागी उड्या मारत उभा राहायचा. ती जवळ आली की ‘चल, छान चाललंय’ म्हणायचा आणि पुन्हा पुढे. उपवन तलावाच्या एका फेरीत हे चार-पाच वेळा. ‘मला त्या उड्या बघवत नाहीत हो,’ ती म्हणाली. ‘शाळेच्या सहलीत मागे राहिलेल्या पोरीसाठी सर थांबतात ना, तसं वाटतं.’

मी तेव्हा जे केलं ते सांगते, कारण ते चुकलं होतं. मी म्हटलं, मग वेगवेगळं धावा की. आपापल्या वेगाने. यात काय एवढं?

पंधरा दिवसांनी दोघं आले ते आधीपेक्षा वाईट अवस्थेत. वेगवेगळं धावायचं म्हणजे पहाटे साडेपाचच्या अंधारात तिला सर्व्हिस रोडवर एकटीनं जावं लागत होतं. तिथे कुत्री होती आणि एक दुचाकीवाला दोन दिवस मागे मागे आला होता. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही. त्याने तर, आता मोकळीक मिळालीये म्हणून, आठवडाभरात वेग इतका वाढवला की नडगी धरून बसला. फिजिओथेरपिस्टने दहा दिवस धावणं बंद केलं. शिवाय ‘वेगवेगळं’ हा शब्द त्याला भलताच लागला होता. ‘मॅडम, आम्ही तुमच्याकडे सोबत राहायला शिकायला आलो होतो,’ असं तो म्हणाला, हसून, पण हसू वरवरचं होतं.

त्याच बैठकीत ते घडलं. ती बोलत होती, शाळेतल्या कुठल्यातरी प्रसंगाबद्दल, ‘आणि मग मी मावशींना म्हटलं की...’ आणि ती थांबली. वाक्य अर्ध्यात सोडून दिलं. मी पाहिलं, तर त्याची नजर डाव्या मनगटावर गेली होती. जेमतेम अर्धा सेकंद.

‘बघितलंत?’ ती मला म्हणाली.

‘काय बघितलं? मी काय केलं?’ तो खरोखरच गोंधळला होता. त्याला पत्ताच नव्हता.

मी त्याला घड्याळ काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. हृदयाचे ठोके, वेग, झोप सगळं मोजणारं घड्याळ. त्याने पट्टा सोडवला तर मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला, उन्हात न गेलेल्या कातडीचा. दहा मिनिटांनी ते टेबलावर स्वतःच थरथरलं. फार वेळ बसलात, उठा, हला, असं सांगत होतं. आम्ही तिघंही हसलो. त्या दोघांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

पण मला अडकवून ठेवलं ते तिच्या अर्धवट वाक्याने. कोण मावशी? पुढच्या वेळी मी तिला एकटीला बोलावलं.

मावशी म्हणजे शाळेतल्या शिपाई बाई, जालन्याकडच्या. त्यांच्या नातवाला रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून सून आणि मुलगा त्याला घेऊन परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये आले. अशा मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षं चालू शकतात. मुलं बरी होण्याचं प्रमाण चांगलं आहे, पण तोवर राहायचं कुठे? परळच्या त्या फुटपाथवर प्लॅस्टिकच्या चटईवर, सलाईनची पट्टी हाताला तशीच असलेली मुलं आणि त्यांच्या आया दिसतात, ते मुंबईकरांनी सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि सगळे पुढे गेलेले असतात. मीही गेलेली आहे. ही गेली नाही. अकरा दिवस ती शाळा सुटली की डबा घेऊन लोकलने परळला जात होती. बाराव्या दिवशी एका संस्थेच्या निवाऱ्यात त्यांना खोली मिळाली, आणि त्या संस्थेसाठी काहीतरी करायचं असं तिनं ठरवलं. ती आधीपासून रोज सकाळी चालायला जायची, एकटी. चालता चालताच तिला मॅरेथॉनची कल्पना सुचली. संस्थेकडून चॅरिटी बिब, म्हणजे देणगी जमवण्यासाठी धावणाऱ्यांचा छातीवरचा नंबर, घ्यायचं, ओळखीच्यांना आवाहन करायचं, एक लाख रुपये जमवायचे.

‘मी हे जेवताना सांगितलं,’ ती म्हणाली. ‘सकाळी उठले तर त्याने दोन नावं नोंदवली होती. सोळा आठवड्यांचं एक्सेल शीट तयार. देणगीच्या पानावर लिहायचा मजकूरसुद्धा तयार, “आम्ही दोघांनी ठरवलंय की...” आम्ही दोघांनी? फुटपाथवर कोण गेलं होतं?’

मग ती जरा थांबून म्हणाली, ‘तो वाईट नाही हो. तेच तर. वाईट असता तर भांडता आलं असतं.’

वेगाचा प्रश्न इथे संपला, निदान माझ्यापुरता. सात मिनिटं आणि नऊ मिनिटं हा हिशेब खरा होता, पण ती भांडत होती ते हातातून गेलेल्या गोष्टीसाठी. मदत करणाऱ्या नवऱ्याबद्दल तक्रार करणं फार अवघड असतं. ऐकणारा म्हणतो, नशीबवान आहेस. माहेरचे तर हमखास म्हणतात. म्हणून मग ती तक्रार उड्यांवर निघते, घड्याळावर निघते.

माहेरावरून आठवलं. त्याने तिच्या भावाला देणगीसाठी फोन केला आणि बँकेतला माणूस म्हणून ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, फायदा समजावला. पाचशे रुपयांपलीकडे न गेलेल्या भावाने शांतपणे सांगितलं, दाजी, मी नवीन कर पद्धतीत आहे, मला ८०जी नाही. मुद्दा बरोबर होता, त्या पद्धतीत ही वजावट मिळतच नाही. पण घरी येऊन त्याने ‘तुझा भाऊ’ असं सुरू केलं, आणि ते प्रकरण चार दिवस चाललं. देणगी मागताना नातेवाइकांच्या खिशाचा अंदाज बांधू नये, आणि बांधलाच तर बायकोला सांगू नये, एवढं मी त्याला नंतर सांगितलं.

त्याच्याशीही एकट्याशी बोलले. त्याच्याकडे दुसरीच गोष्ट होती. मुलगी गेल्यापासून संध्याकाळी घरात टीव्हीशिवाय आवाज नसायचा. ही वह्या तपासत बसायची, तो फोन बघत. जेवताना तिनं मॅरेथॉनचं सांगितलं तेव्हा तिचे डोळे कसे दिसत होते हे त्याने मला सांगितलं. वर्णन करायला शब्द सापडेना म्हणून हातानेच काहीतरी दाखवलं. ‘मला वाटलं, चला, आता आमच्यात काहीतरी आहे. म्हणून रात्रीच नाव टाकलं. उशीर केला तर ती म्हणेल, तुला इंटरेस्ट नाही.’

हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते एक्सेल शीट.

मी त्यांना दिलेली कामं साधी होती. देणगीच्या पानावरचा मजकूर ती पुन्हा लिहील, तिच्या नावाने, फुटपाथसकट. पैसे तीच मागेल, किती कुणाकडून हेही तीच ठरवेल. आठवड्यातले तीन दिवस सोबत धावायचं, पण पुढे ती. तो दोन पावलं मागे, घड्याळ घरी. वेग किती? बोलता येईल इतका. धाप लागून वाक्य तुटलं तर हळू व्हायचं, तुटलं नाही तर ठीक. हे मी एका धावणाऱ्या मैत्रिणीकडून उचललेलं. सुरुवातीच्या धावपटूंना सगळे हेच सांगतात. आणखी एका दिवशी त्याने आपल्या वेगाने हवं तसं पळावं, नडगी सांभाळून. आणि दोघांनीही चाळिशीनंतरच्या तपासण्या करून घ्याव्यात, तेवढं तरी डॉक्टरांवर सोडावं.

‘आणि मी काय करू?’ त्याने विचारलं. सगळं काढून घेतल्यासारखा चेहरा झाला होता.

‘तिला विचारा.’

‘विचारलं तर म्हणते, काही नको.’

‘मग काही नको,’ मी म्हटलं. हे त्याला शेवटपर्यंत सगळ्यात जड गेलं. त्याने मध्ये एकदा चोरून देणगीत स्वतःचे दहा हजार घातले होते, निनावी. तिनं ओळखलं आणि त्याला नाव लिहायला लावलं.

ज्या बाईंनी मेसेज केला त्यांना पैशांबद्दल मी एवढंच कळवलं आहे. लोकांनी पैसे संस्थेला दिलेत, तुमच्या पायांना नाही. तुम्ही धावलात, चाललात किंवा घोटा मुरगळून घरी बसलात तरी ते पैसे जायचे तिथे जातात. तेव्हा त्या ओझ्यापोटी दुखऱ्या गुडघ्याने धावू नका आणि त्या ओझ्यापोटी भांडण गिळूही नका. आणि एकदा नीट आठवून बघा, की ही कल्पना मुळात तुमच्या दोघांपैकी कुणाची होती.

ठाणेकरांचं काय झालं, तर ते धावले. आदल्या रात्री माटुंग्याला बहिणीकडे मुक्काम, कारण पहाटे अंधारात माहीमला पोचायचं होतं. हाफ मॅरेथॉन तिथून सुटते. तिनं फोन बहिणीकडेच ठेवला. ठरलं असं होतं, सी लिंक सोबत करायचा. एरवी त्या पुलावर पायी जाता येत नाही, दुचाकीलाही बंदी, तेव्हा हा भाग तरी दोघांनी मिळून. पुढे ज्याचा त्याचा वेग, आणि हाजी अलीला जो आधी पोचेल त्याने थांबायचं, म्हणजे पेडर रोडचा चढ सोबत चढता येईल.

सी लिंक झाला. उजाडायला लागलं होतं, वारा होता, आणि ती सांगते की तो पूर्ण पुलावर एकदाही पुढे गेला नाही. वरळीला त्याला शौचालयात जावं लागलं. रांग होती. बाहेर आल्यावर, आपणच पुढे आहोत अशा समजुतीने तो जोरात पळाला आणि हाजी अलीला येऊन थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. येणारा प्रत्येक केशरी टी-शर्ट बघत. कुणीतरी त्याला संत्र्याची फोड दिली, कुणीतरी ‘काका, थांबू नका, थोडंच राहिलंय’ म्हणून ओरडलं. वीस मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं. ती केव्हाच निघून गेली होती. रांगेत असतानाच बहुधा.

‘मी थांबणार होते,’ ती माझ्या खोलीत म्हणाली. ‘पण हाजी अली आलं तेव्हा पाय इतके छान चालले होते, की मी बघितलंच नाही. खरं सांगू का, बघितलं असतं तरी थांबले असते की नाही कोण जाणे.’

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. मनगट मोकळं होतं, पांढरा पट्टा अजून तसाच.

देणगी ८३ हजारांवर थांबली. उरलेले सतरा तो भरायला निघाला होता, तिनं नाही म्हटलं, ते पुढच्या वर्षी बघू. आता ती एक शनिवार सोडून परळच्या त्या निवाऱ्यात जाते, मुलांना गणितं शिकवते. मावशींचा नातू तिसरीच्या पुस्तकावर आहे. शेवटच्या बैठकीत निघता निघता दारात त्याने तिला विचारलं, ‘शनिवारी मी येऊ का?’

तिनं चप्पल घातली. ‘विचार करून सांगते,’ म्हणाली.