राज्य सरकारने शिक्षण आणि आर्थिक धोरणातून नवसंशोधनाला चालना कशी द्यावी?

इनोव्हेशन म्हटलं की सगळ्यांना ॲप आणि स्टार्टअपच आठवतं, पण आमच्या कोकणातलं काजूचं कलम बघा की. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, त्याच्याच वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती काढल्या, आता नुसती जात काढून काय होतं, शेतकऱ्याकडे खड्डे मारायला पैसे नकोत? तर १९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, म्हणजे आपल्याच जमिनीत कलमं लावायला अनुदान, मजुरीसकट. मग कलमांना मागणी वाढली, गावोगाव नर्सऱ्या झाल्या, कलमं बांधणारे कारागीर तयार झाले आणि वरकस पडीक डोंगर हिरवे झाले. विद्यापीठ आणि तिजोरी एकाच दिशेला चालली की असं होतं, माझ्या मते हेच उत्तर आहे.

पुढे मात्र गाडी अडकली. काजूचं बोंड, म्हणजे बी ज्याला लागते ते रसाळ फळ, बागेत कुजतं, शेजारी गोव्यात त्याचीच फेणी होते. इथे खरंतर आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोरांना प्रोसेसिंगचं मशीन बनवायला छोटा फंड, एक कॉमन युनिट, टेस्टिंग लॅब आणि परवान्यांची कटकट कमी, एवढं केलं तरी पुष्कळ. राज्याची स्टार्टअप पॉलिसी २०१८ ला आली, छान झालं, पण असला पैसा मुंबई-पुण्याबाहेर यायला हवा ना. आणि सरकारने पहिलं गिऱ्हाईक व्हावं, शाळा-हॉस्टेलसाठी बोंडाचं सरबत घ्या, मग बघा किती पोरं चाकरमानी व्हायची थांबतात.