भट्टीचा हिशेब कोण देणार?

ऐरोलीचे एक वाचक लिहितात: ऑनलाइन मागवलेल्या तांब्याच्या छोट्या भट्टीवर ते घरच्या घरी गुळाची दारू गाळत. सोसायटीत कुणीतरी वासाची तक्रार केली. उत्पादन शुल्कवाले आले, पंचनामा झाला, भट्टी आणि नमुन्याच्या बाटल्या गेल्या, पिंपातलं रसायन, म्हणजे आंबवलेलं गुळाचं पाणी, मोरीत ओतलं गेलं. हजर राहण्याची नोटीस मिळाली, तिची तारीख गेल्या आठवड्यात उलटली. विचारतात, ‘विक्री नव्हती, निव्वळ छंद. पिण्याचा परवानाही आहे. भट्टी गुलाबपाण्यासाठी घेतली होती असं सांगितलं तर?’

छंद, घरापुरती, विकली नाही, परवाना आहे. अशा प्रत्येक पत्रात हेच असतं, त्यामुळे त्यावर शाई घालवत नाही. परवाना पिण्याचा आहे, गाळण्याचा नाही. विक्री नव्हती हे शिक्षेच्या वेळी कदाचित कामी येईल.

खरा प्रश्न महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम १०३ चा आहे. दारू, ती गाळायची भट्टी किंवा त्यासाठी सहसा वापरतात ते साहित्य तुमच्याकडे सापडलं आणि ते का बाळगलं याचा समाधानकारक खुलासा तुम्हाला देता आला नाही, तर गुन्हा केला असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. ‘धार पडलीच नव्हती’ असं म्हणूनही सुटका नाही, कारण या कायद्यात नुसतं आंबवणं हीसुद्धा निर्मितीच.

म्हणून गुलाबपाण्याची गोष्ट रचू नका. भट्टीशेजारी गुळाचं पिंप, यीस्टची पाकिटं आणि दारूची तीव्रता मोजायची काचेची नळी पंचनाम्यात लिहिली असेल, तर पाकळ्यांवर कोण विश्वास ठेवील? खुलासा एकदा खोटा ठरला की पुढे खरंही कुणी ऐकत नाही. भट्टी खरोखर अर्कासाठी घेतली असेल, तर खरेदीचं बिल आणि तेव्हाचे फोटो वकिलांना दाखवा. नसेल तर स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही, संविधानाचा अनुच्छेद २० (३) तुमच्या बाजूला आहे. आणि मित्रांच्या ग्रुपवर ‘पहिल्या धारेची’ म्हणून टाकलेले फोटो घाईघाईने पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल.

छाप्यात तुम्ही कबुलीजबाबावर सही केली असेल, तर ती ग्राह्य धरू नये असा युक्तिवाद करता येतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या कायद्याखालच्या अबकारी अधिकाऱ्याला पोलिस अधिकारीच मानलं होतं. इथे हा युक्तिवाद कितपत टिकेल, हे तुमचे वकील कागद पाहून सांगतील. पंचनाम्याची प्रत मागवा. बाटल्यांना सील होतं का, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या होत्या का, जप्तीचं चित्रीकरण झालं का, हे तपासा. नमुन्याचा अहवाल यायला महिने जातात, त्यानंतर बेलापूरच्या कोर्टात तारखांवर तारखा. तो वेळ कोर्टाचा. नोटिशीचा वेळ तुमचा होता, आणि तो तुम्ही ‘बघू’ म्हणत घालवलात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही, दांडी मारणाऱ्याला होऊ शकते. गुन्हा अजामीनपात्र धरूनच चाला. उद्या सकाळी वकिलांना गाठा, याच संहितेच्या कलम ४८२ च्या अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का ते ठरवा आणि त्यांच्यासोबत कार्यालयात हजर व्हा. उशिराचं कारण लेखी द्या, खरं असेल तेवढंच. त्या पत्राच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.