आई म्हणते ये, पण एकटीच ये

पत्र थोडक्यात असं: "ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. माझं माहेर खूप पैसेवालं, नवऱ्याचे वडील ड्रायव्हर. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला बस पण म्हटलं नाही, नुसते त्याच्या चपलांकडे बघत राहिले. आम्ही लग्न केलं आणि बोलणं बंद. आता अचानक आईचा मेसेज आलाय, बाबांची तब्येत बरी नसते, येऊन जा, एकटीच ये. नवरा म्हणतो जा. काय करू?"

अगं, जा. पण लगेच घरी नको, आधी आईला बाहेर कुठेतरी भेट. कारण हा मेसेज बाबांना माहितीये की आईने गुपचूप केलाय हेच तुला कळलेलं नाही, आणि त्यावर सगळं अवलंबून आहे ना. गुपचूप केला असेल आणि तू दारात उभी राहिलीस तर तुझ्याआधी आईचीच फजिती. सरळ विचार तिला. तब्येत खरंच सिरियस असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव, आजच निघ, अटीबिटी नंतर बघू.

आता "एकटीच"चं. पहिल्या भेटीला चालेल, मला त्यात एवढं वावगं वाटत नाही, सहा वर्षांनी लेक आणि आई भेटतायत, थोडं रडतील, भांडतील, तिथे जावई बसून करणार काय? पण आईला तेव्हाच सांगून टाक की पुढच्या वेळी आम्ही दोघं येणार, आणि त्याला खुर्ची मिळणार. यावर अजिबात तडजोड करू नकोस, नाहीतर सणासुदीला, आजारपणाला तू एकटी जात राहशील आणि तो कायम गाडीत बसलेला असेल.

माफीचं मात्र सोडून दे. पटणार नाही तुला, मला माहितीये. कार्ल पिलेमर म्हणून अमेरिकेतले एक समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अशा तुटलेल्या आणि परत जुळलेल्या कुटुंबातल्या बऱ्याच लोकांशी बोलून 2020 मध्ये लिहिलंय की ज्यांचं जुळलं त्यातल्या बहुतेकांनी एक हट्ट सोडला होता, जे झालं त्यात माझंच बरोबर होतं हे समोरच्याने कबूल करावं हा. बाबा त्या दिवसाबद्दल कधीच सॉरी म्हणणार नाहीत बहुतेक, कदाचित त्यांना ते आठवणारही नाही. पुढे ते नवऱ्याशी कसं वागतात ते बघ.

आणि पैसे. तुझ्या माहेरासारख्या घरात चुकलं हे तोंडाने म्हणता येत नाही मग पाकीट पुढे येतं, दागिना येतो, "मुलांच्या नावावर टाकते" येतं. आत्ता काही घेऊ नकोस. तुला ते प्रेम वाटेल, खरंही असेल, पण नवऱ्याला ऐकू येईल की तुझ्याच्याने भागत नाही.

तो "जा" म्हणतोय ते सुद्धा एकदा निवांत विचार त्याला. आपल्यामुळे हिचं माहेर तुटलं हे ओझं घेऊन माणूस काहीही म्हणतो.

अजून एक, रागावू नकोस. तुझं मूळ पत्र दोन पानांचं आहे, त्यात आईबाबांबद्दल भरभरून लिहिलंयस आणि सासऱ्यांबद्दल फक्त ते काय काम करतात एवढंच. त्यांनाही कळत असणार ना सहा वर्षं, की आपल्या नोकरीवरून हे सगळं झालं? तू जातेयस हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे, नवऱ्याकडून नको.

आईला मेसेज छोटाच टाक: "आई, भेटायचंय. आधी आपण दोघीच बाहेर भेटू, मग ह्यांना घेऊन घरी येते. कधी जमेल?" त्यात बाबांसाठी निरोपबिरोप देऊ नकोस, ती आपल्या मनाने बदलून सांगेल.