जाकार्तातल्या वारुंगमध्ये पहिली खरेदी

जाकार्तात नवीन आहात आणि कोपऱ्यावरच्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या घरगुती दुकानात, जायचा संकोच वाटतोय? बिनधास्त जा. काउंटरवर कुणी दिसलं नाही तर 'बू, बली!' (बाई, घ्यायचंय!) अशी हाक मारायची, बाई आतून येतात. दुकानदार पुरुष असेल तर 'पाक'. पैसे उजव्या हातानं द्या.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- भाव सांगताना हजार बऱ्याचदा गाळतात. 'लिमा बलास' म्हणजे १५ हजार रुपिया. सकाळी सकाळी एका साबणासाठी लाखाची लाल नोट काढू नका, सुटे नसतात. नाण्यांऐवजी खाऊच्या गोळ्या हातावर ठेवल्या तर हसून घ्या.
- अंडी वजनावर. पाव किलो मागा, साधारण चार येतात.
- शाम्पू, कॉफी, मसाला आधी छोट्या पाकिटातच घ्या. आवडलं नाही तर नुकसान नगण्य.

शाकाहारी असाल तर जरा थांबून वाचा. तयार सांबालमध्ये (मिरचीच्या तिखट चटणीत) बहुधा तरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो. भाजीत टाकायच्या मसाल्याच्या पुड्यांत चिकन किंवा बीफचा अर्क. हलाल शिक्का म्हणजे शाकाहारी नव्हे, ही नवख्यांची नेहमीची गफलत! पाकिटावर 'आयाम', 'सापी', 'उदांग', 'इकान' (कोंबडी, गाय, कोळंबी, मासा) शोधा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू मात्र बेधडक घ्या.

आणि हो, नुसतं 'कचाप' मागितलंत तर टोमॅटो सॉस नाही, गोड सोया सॉस हातात येईल. घासाघीस इथे नको. ती बाजारात करा. उधारीचं नंतर बघू.